सूचिवेध आणि वेदनेचें रसायन

चीन देशांत सुंग राजवंशाच्या अमदानींत, इसवी सन १०२७ मध्यें, वांग वेइ-यी नांवाच्या राजवैद्यानें ब्राँझ धातूचे दोन मनुष्याकृति पुतळे ओतवून घेतले. पुतळे आंतून पोकळ होते आणि त्यांच्या अंगावर जागोजाग बारीक छिद्रें पाडलेलीं होतीं. ज्या ज्या स्थानीं सुई टोंचली असतां रोग हटतो असें तेथील वैद्यकानें मानलें होतें, त्या त्या स्थानीं एकेक छिद्र. वांग वेइ-यीनें आपल्या ग्रंथांत अशीं ३५४ स्थानें नांवनिशीवार दिलीं आहेत. परीक्षेच्या वेळीं पुतळ्यास बाहेरून मेणाचा लेप देऊन छिद्रें बुजवीत आणि आंत पाणी भरीत, असें सांगतात. विद्यार्थ्यानें नेमक्या जागीं सुई खुपसली तर पाणी बाहेर येई व तो उत्तीर्ण होई. जागा चुकली तर सुई धातूवर अडे.

परीक्षेची युक्ति मोठ्या चातुर्याची खरी. परंतु पुतळ्याचा गुडघा सुजत नाहीं आणि त्याची दाढही ठणकत नाहीं. विद्यार्थ्यास नकाशा पाठ आहे कीं नाहीं, एवढेंच तो पुतळा सांगूं शके. नकाशाबरहुकूम सुई टोंचली असतां वेदना खरोखर कमी होते काय, आणि होत असल्यास कशानें होते, हें सांगण्याची सोय त्यांत नव्हती. हा दुसरा प्रश्न मोजमाप घेऊन विचारला जाण्यास पुढें सुमारें साडेनऊशें वर्षें जावीं लागलीं. तो कसा विचारला गेला आणि त्याचें उत्तर कितपत मिळालें, याची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

या विद्येचा आद्य ग्रंथ ‘ह्वांग-ती नेइ-चिंग’ हा इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या एक-दोन शतकांत आकारास आला, असें विद्वान् मानतात. त्यांत नऊ प्रकारच्या सुयांचें वर्णन आहे. त्यांपैकीं कांहीं तर गळूं फोडण्याच्या शस्त्रासारख्या आहेत. आज आपण चित्रांत पाहतों ती केंसासारखी बारीक सुई हा त्या विद्येचा एकच, पण पुढें वरचढ झालेला अवतार होय. शरीरांत बारा मुख्य मार्ग आहेत, त्यांतून ‘चि’ नांवाची जीवनशक्ति वाहते, तिचा ओघ तुंबला कीं वेदना उत्पन्न होते आणि सुईनें तो मोकळा होतो, अशी त्यांची उपपत्ति. ‘चि’ म्हणजे आपला ‘प्राण’च, असें ठरवून टाकण्याचा मोह आपल्याकडील पुष्कळांस होतो. कित्येक तर सुश्रुताच्या सिरावेधाचा दाखला देऊन ही विद्या मुळांत येथूनच तिकडे गेली, असेंही ठोकून देतात. सुश्रुताचा सिरावेध हा रक्त काढण्याचा उपचार आहे. त्याचा या नकाशाशीं संबंध जोडण्यास मला तरी आधार सांपडत नाहीं. शेजाऱ्याचें श्रेय शेजाऱ्याकडेच राहूं द्यावें, हें बरें.

युरोपास या उपचाराची सविस्तर ओळख करून दिली ती विलेम तेन ऱ्हाइने या डच डॉक्टरानें. तो डच कंपनीच्या नोकरींत १६७४ ते १६७६ पर्यंत जपानांतील देशिमा बेटावर होता. १६८३ मध्यें लंडन येथें प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन पुस्तकांत त्यानें सुई आणि टोंचणें या अर्थाचे दोन लॅटिन शब्द जोडून एक नवा शब्द बनविला. आज सर्व जगांत रूढ असलेला ‘ॲक्युपंक्चर’ हा शब्द तो हाच.

गंमत अशी कीं, युरोपांत या विद्येविषयीं कुतूहल वाढत असतां तिच्या मायदेशीं तिचें नशीब फिरत होतें. १८२२ मध्यें दाओग्वांग बादशहानें राजवैद्यांच्या विद्यालयांतून सूचिचिकित्सेचा विभागच काढून टाकला. राजाच्या देहास सुई टोंचणें प्रशस्त नव्हे, असें कारण दाखविण्यांत आलें. पुढें बादशाही गेली, प्रजासत्ताक आलें, आणि नव्या राज्यकर्त्यांस जुनी विद्या म्हणजे पायांतील बेडी वाटूं लागली. १९२९ मध्यें जपानांत शिकून आलेल्या यू युनश्यू या डॉक्टराच्या प्रेरणेनें सरकारच्या आरोग्यमंडळीनें जुनें वैद्यक क्रमाक्रमानें बंद करण्याचा ठराव केला. त्याबरोबर देशभरांतील वैद्य खवळले. मार्च महिन्याच्या १७ तारखेस शांघाय येथें त्यांची मोठी परिषद भरली आणि तो ठराव अंमलांत येऊं शकला नाहीं. आपल्याकडे आयुर्वेदाविषयीं अशा प्रकारचे वाद झाले आहेत. त्यांत दोन्ही पक्षांचा आवाज किती चढतो, हें वाचकांस ठाऊकच आहे. आवाज चढला कीं प्रयोग मागें पडतो. शांघायच्या परिषदेंतही वादाचा विषय परंपरेचा मान आणि वैद्यांची उपजीविका हा होता. सुईनें वेदना शमते कीं नाहीं, हें मोजून पाहूं, असें म्हणण्याची ती वेळ नव्हती.

याच सुमारास छेंग दान-आन नांवाचा एक वैद्य मात्र निराळ्या दिशेनें चालला होता. १९३१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें जुन्या स्थानांची नव्या शारीरशास्त्राशीं सांगड घातली, रक्तवाहिन्यांवर येणारीं स्थानें बाजूस सरकविलीं, मज्जातंतूंचा विचार पुढें आणला आणि बारीक सुयांचा पुरस्कार केला. आज ‘प्राचीन’ म्हणून जगभर चालणारा सूचिवेध पुष्कळ अंशीं या सुधारणेनंतरचा आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

चीन आणि वैद्यक हे शब्द एकत्र आले कीं मराठी वाचकास सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण झाल्याखेरीज राहत नाहीं. १९३८ मध्यें हिंदुस्थानांतून गेलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांतील ते एक. १९४२ च्या डिसेंबरच्या ९ तारखेस तिकडेच त्यांचा अंत झाला. कोटणीस शस्त्रवैद्य होते, आणि त्यांचें कार्य रणांगणावरील जखमींचें. सुईची विद्या त्यांनीं इकडे आणिली नाहीं. पण त्यांच्याच पथकांतील बंगालचे डॉ. विजयकुमार बसू हे १९५८ मध्यें पुन्हां चीनला गेले, ही विद्या शिकले आणि कलकत्त्यास तिचा उपयोग करूं लागले. आपल्या देशांत ती रुजली ती मुख्यतः त्यांच्या हातून.

१९५८ हें वर्ष चीनमध्येंही महत्त्वाचें ठरलें. १९४९ नंतरच्या नव्या राजवटीस डॉक्टरांचा तुटवडा होता आणि गांवोगांव जुने वैद्य होते. तेव्हां ज्या विद्येस वीस वर्षांपूर्वीं हद्दपार करावयाचें होतें, तिलाच आतां राष्ट्राचें भांडार म्हणून गौरविण्यांत येऊं लागलें. त्या वर्षीं शांघायच्या एका इस्पितळांत गुंगीच्या औषधाऐवजीं सुया टोंचून घशांतील गांठी काढण्यांत आल्या. मग जणूं चढाओढच लागली. रोगी जागा आहे, त्याचें पोट किंवा छाती उघडलेली आहे आणि तो पाहुण्यांकडे पाहून हंसतो आहे, अशीं दृश्यें परदेशी मंडळींस दाखविण्यांत येऊं लागलीं. त्या रोग्यांची निवड मोठ्या काळजीनें होत असे, त्यांना पूर्वतयारी करविलेली असे आणि पुष्कळदां सुयांच्या जोडीस इतर औषधेंही असत, ही गोष्ट त्या दृश्यांत दिसत नसे. पूर्वीं विद्येवर बंदी घालणाऱ्यांनीं प्रयोग केला नव्हता; आतां तिचा जयजयकार करणाऱ्यांसही प्रयोगाची निकड भासत नव्हती.

अमेरिकेंत या विषयाचें वेड पसरलें तें १९७१ च्या जुलै महिन्यांत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगमध्यें असतां त्यांस आंत्रपुच्छाचा विकार झाला आणि तेथील इस्पितळांत शस्त्रक्रिया करावी लागली. ती सुयांच्या बळावर झाली, अशी दंतकथा आजही सर्रास छापली जाते. वस्तुस्थिति तशी नाहीं. शस्त्रक्रियेच्या वेळीं नेहमींचीं बधिर करणारीं औषधेंच टोंचलीं होतीं. दुसऱ्या रात्रीं पोट फुगून कळा येऊं लागल्या तेव्हां त्यांच्या उजव्या कोंपरास व गुडघ्यांखालीं सुया टोंचण्यांत आल्या आणि त्यांस आराम वाटला. रेस्टन यांनीं २६ जुलैच्या अंकांत हें सरळ लिहिलें आहे. पण सरळ हकीकतीपेक्षां अद्भुत कथा लवकर पसरते, त्याला लेखकाचा इलाज नसतो.

आतां ज्या मनुष्यानें पुतळ्याऐवजीं सजीव शरीराची परीक्षा घेतली, त्याच्याकडे वळूं. हान जिशेंग हे पेकिंगच्या वैद्यक महाविद्यालयांत शारीरक्रियाशास्त्राचे अध्यापक होते. १९६५ मध्यें त्यांच्यावर सूचिवेधाच्या संशोधनाचें काम सोंपविण्यांत आलें. त्यांस प्रारंभीं या गोष्टीवर विश्वास नव्हता. त्यांनीं स्वयंसेवकांच्या कातडीवर विजेच्या मंद प्रवाहानें पोटॅशियमचा क्षार आंत सोडून किती प्रवाहास वेदना जाणवते, हें मोजलें. मग अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यांतील ‘हो-कू’ या स्थानीं सुई टोंचून तेंच माप पुन्हां घेतलें. वेदना सहन होण्याची मर्यादा हळूहळू चढत गेली. चढण्यास सुमारें अर्धा तास लागला. सुई काढल्यावर ती एकदम खालीं न येतां सावकाश उतरूं लागली, आणि दर सोळा मिनिटांस निम्मी होत गेली. शिवाय हा परिणाम केवळ हातापुरता नव्हता. डोकें, छाती, पाठ, पाय, सगळीकडे तो दिसून आला.

या आंकड्यांत काय आहे, असें वाचकांस वाटेल. त्यांतच सर्व कांहीं आहे. तारेनें गेलेला निरोप क्षणांत पोंचतो आणि क्षणांत संपतो. हळूहळू चढणें, सर्वत्र पसरणें आणि ठराविक गतीनें विरत जाणें ही लक्षणें द्रव्याचीं, म्हणजे कोणत्यातरी रसायनाचीं आहेत. पण मग हें द्रव्य कोठें उत्पन्न होतें? हातांतच उत्पन्न होऊन रक्तावाटे पसरत असेल काय? या प्रश्नाचा निकाल शांघायच्या संशोधकांनीं १९७३ मध्यें लावला. दंडास पट्टा आवळून हाताचें रक्त अडविलें तरी सुईचा गुण येई. परंतु त्या स्थानाच्या खोल स्नायूंत बधिर करणारें औषध टोंचलें कीं गुण नाहींसा होई. म्हणजे हातापासून वर जाणारा निरोप मज्जातंतूंचाच होता. द्रव्य उत्पन्न होत असलें तर तें वर, मेंदूंत किंवा मज्जारज्जूंत होत असलें पाहिजे. तेथेंच चांग श्यांग-तुंग या थोर शास्त्रज्ञानें, सुईच्या जागेहून आलेले आणि दुखऱ्या जागेहून आलेले निरोप मेंदूच्या आंतल्या केंद्रांत एकमेकांस भिडतात, असें दाखविलें होतें.

सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमींत हान यांचें काम कित्येक वर्षें बंद पडलें. १९७२ मध्यें तें पुन्हां सुरू झालें, तेव्हां त्यांनीं योजलेला प्रयोग इतका साधा होता कीं तो पूर्वीं कोणास कसा सुचला नाहीं, याचें नवल वाटतें. एका सशावर उपचार केला (त्या काळच्या कांहीं प्रयोगांत सुईऐवजीं बोटाचा दाबही वापरीत). मग त्याच्या मेंदूच्या पोकळींतील द्रव काढून तो दुसऱ्या, उपचार न केलेल्या सशाच्या मेंदूंत सोडला. त्या दुसऱ्या सशासही वेदना कमी जाणवूं लागली. ज्यावर उपचारच झाला नव्हता अशा सशाचा द्रव दिला असतां मात्र कांहीं फरक पडेना. ज्याला सुईचा स्पर्श नाहीं, ज्याला कोणी धीर दिला नाहीं, ज्याच्या मनांत राष्ट्राभिमान असण्याचा संभव नाहीं, अशा प्राण्याची वेदना दुसऱ्याच्या मेंदूंतील पाण्यानें शमली. हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हां त्यावर व्यक्तीचें नांव नव्हतें. केवळ संशोधनमंडळाचें होतें. त्या काळीं तिकडे तशीच रीत होती.

द्रव्य होतें, पण तें कोणतें? याचें उत्तर ज्यांनीं शोधिलें त्यांच्या मनांत सुईचा विचारही नव्हता. अफूचें सत्त्व जें मॉर्फिन, तें मेंदूच्या कोणत्या भागावर काम करतें, याचा शोध शांघायच्याच दोघां शास्त्रज्ञांनीं १९६४ च्या सुमारास घेतला होता. मेंदूच्या मध्यभागीं जो अरुंद जलमार्ग आहे त्याच्या भोंवतालच्या करड्या भागांत तें अत्यल्प प्रमाणांत टोंचलें तरी पुरतें, असें त्यांस दिसलें. १९७३ मध्यें अमेरिकेंत आणि स्वीडनमध्यें, मेंदूंत अफू जाऊन बसण्याच्या खास जागा आहेत, हें सिद्ध झालें. तेव्हां प्रश्न उभा राहिला कीं, खसखशीच्या बोंडांतील रसासाठीं निसर्गानें आपल्या डोक्यांत जागा राखून ठेवण्याचें कारण काय? देहाची स्वतःची अफू असलीच पाहिजे. स्कॉटलंडांत ॲबर्डीन येथें जॉन ह्यूज हा तरुण पहांटे सायकलीवरून कत्तलखान्यांत जाऊन डुकरांचे मेंदू घेऊन येई. त्यांतून त्यानें व वृद्ध हान्स कोस्टरलिट्झ यांनीं १९७५ मध्यें ‘एन्केफॅलिन’ हीं द्रव्यें वेगळीं केलीं. पुढील वर्षीं, चीनमध्यें जन्मलेले आणि कॅलिफोर्नियांत काम करणारे ली चो-हाओ यांनीं उंटाच्या मेंदूतळाच्या ग्रंथींतून मिळालेलें ‘बीटा-एंडॉर्फिन’ जगापुढें ठेविलें.

दोन्ही वाटा आतां एकत्र आल्या. अफूचा परिणाम उलटविणारें ‘नॅलॉक्सोन’ नांवाचें औषध होतें. सुईचा गुण जर देहांतील अफूचा असेल, तर नॅलॉक्सोननें तो नाहींसा झाला पाहिजे. १९७६ मध्यें टोरोंटो येथें पोमेरांझ व त्यांचे सहकारी यांनीं उंदरांवर, आणि १९७७ मध्यें मेयर प्रभृतींनीं अमेरिकेंत माणसांच्या दांतांवर हें करून पाहिलें, आणि तसें घडलें. सगळ्याच प्रयोगशाळांस तेंच उत्तर मिळालें असें नाहीं. कांहींस नॅलॉक्सोननें फरक पडल्याचें आढळलें नाहीं, आणि वाद पुष्कळ वर्षें चालला. हान यांनीं मात्र सुयांतून विजेचे सौम्य ठोके देऊन पुढचें पाऊल टाकिलें. सेकंदास दोन अशा संथ ठोक्यांनीं एन्केफॅलिन व एंडॉर्फिन सुटतात, शंभर ठोक्यांनीं मज्जारज्जूंत ‘डायनॉर्फिन’ सुटतें, असें त्यांनीं दाखविलें. १९९१ मध्यें रोग्यांच्या पाठीच्या कण्यांतील द्रव तपासून या प्रकारची खूण माणसांतही मिळाली. आणि ठोके फार वेळ चालू ठेविले तर देह स्वतःच अफूविरोधी द्रव्य सोडून सर्व केलेलें धुवून टाकितो, हेंही त्यांस आढळलें.

आतांपर्यंत जी वेदना मोजली ती प्रयोगासाठीं क्षणभर दिलेली होती. परंतु घरोघरीं माणसें ज्यानें कण्हतात तें दुखणें बहुधा दाहाचें असतें: सुजलेला सांधा, उष्ण, लाल, हात लावूं न देणारा. दाह झाला कीं त्या जागीं प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकायनिन वगैरे द्रव्यें जमतात आणि मज्जातंतूंचीं टोकें इतकीं हळवीं होतात कीं चादरीचा स्पर्शही कांट्यासारखा लागतो. ही हळवेपणाची संवय पुढें मज्जारज्जूसही जडते. पंजा सुजविलेल्या उंदरांवर जे प्रयोग झाले, त्यांत विजेच्या सुयांनीं हा हळवेपणा कमी होतो असें दिसलें, आणि त्याचें श्रेय एकट्या अफूसम द्रव्यांस देतां येईना. मेंदूच्या बुडापासून मज्जारज्जूकडे उतरणारे कांहीं तंतु सेरोटोनिन आणि नॉरॲड्रिनॅलिन सोडून वर येणारी वेदना वाटेंतच अडवितात. सुई त्यांसही जागें करते. २०१० मध्यें अमेरिकेंतील रॉचेस्टर येथें तर सुईच्या जागींच एक द्रव्य सांपडलें. गुडघ्याखालील ‘त्सू-सान-ली’ स्थानीं सुई फिरविली असतां उंदराच्या स्नायूंत ‘ॲडिनोसिन’ वाढतें आणि जवळच्या वेदनावाही तंतूंस शांत करतें. ज्या उंदरांत ॲडिनोसिन ग्रहण करण्याची ती सोयच नव्हती, त्यांस सुईचा कांहीं उपयोग झाला नाहीं.

येथपर्यंत वाचून जुन्या विद्येचा अभिमानी पुरुष समाधानानें मान डोलवील. त्यानें थोडें थांबावें. वेदनेनें वेदना दबते ही गोष्ट केवळ सुईची नव्हे. आपल्या खेड्यांत कंबरेस बिब्बा घालीत, पोटशूळास डाग देत. १९७९ मध्यें पॅरिसच्या ल बार्स आदि शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं शरीराच्या एका भागीं तीव्र पीडा दिली असतां दुसऱ्या भागाच्या पीडेचा निरोप मज्जारज्जूंत दडपला जातो. तेव्हां जोरानें टोंचलेल्या सुईच्या गुणांत या सर्वसामान्य नियमाचा वांटा असणारच. मग नकाशाचें काय? जर्मनींत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रोग्यांचे तीन गट करून एक मोठी परीक्षा घेण्यांत आली व तिचा निकाल २००७ मध्यें प्रसिद्ध झाला. एका गटास शास्त्रोक्त स्थानीं सुया टोंचल्या, दुसऱ्यास भलत्याच ठिकाणीं आणि वरवर, तिसऱ्यास नेहमींचीं औषधें व व्यायाम दिले. सहा महिन्यांनीं नेहमींच्या उपचारानें शेंकडा २७.४ रोग्यांस गुण आला होता. शास्त्रोक्त सुयांनीं ४७.६ जणांस, आणि भलत्या ठिकाणच्या सुयांनीं ४४.२ जणांस!

हा निकाल दोन्ही पक्षांस अडचणींत टाकणारा आहे. सुया निरुपयोगी म्हणावें तर त्यांनीं प्रचलित औषधोपचारास मागें टाकिलें. नकाशा खरा म्हणावा तर तो न पाळूनही जवळजवळ तेवढेंच फळ मिळालें. गुण येईल या आशेनेंही मेंदूंत अफूसम द्रव्यें सुटतात, हें १९७८ पासून ठाऊक आहे. त्यामुळें सशाच्या द्रवानें जें सिद्ध केलें तें खोटें ठरत नाहीं, पण रोग्याच्या आरामांत सुईचा भाग किती आणि विश्वासाचा किती, याची वांटणी करणें फार कठीण होऊन बसतें. पुढें सुमारें अठरा हजार रोग्यांच्या माहितीचा एकत्र हिशेब होऊन २०१२ मध्यें तो प्रसिद्ध झाला, त्यांत खऱ्या सुया खोट्या सुयांहून थोड्या सरस ठरल्या, थोड्याच.

नकाशा सर्वस्वीं काल्पनिक आहे असें म्हणण्यासही मात्र आतां जपलें पाहिजे. बॉस्टनचे मा छ्यू-फू आणि त्यांचे चिनी सहकारी यांनीं २०२१ मध्यें उंदरांवर केलेलें एक काम प्रसिद्ध झालें. विषय वेदनेचा नव्हता, जंतूंच्या विषानें सर्वांगीं उठणाऱ्या दाहाचा होता. मागच्या पायांतील ‘त्सू-सान-ली’ स्थानीं विजेचे अगदीं सौम्य ठोके दिले असतां विशिष्ट जातीचे तंतु निरोप मेंदूकडे नेतात, तेथून तो व्हेगस मज्जातंतूच्या वाटेनें मूत्रपिंडावरील ग्रंथींस पोंचतो आणि दाह ओसरतो. तेच सौम्य ठोके पोटावरच्या स्थानीं दिले असतां ही वाट उघडली नाहीं. पोटाच्या खोल पडद्यांत त्या जातीचे तंतु नव्हतेच.